पाठ करा, पावणं

केरबा मामांचं नाव आधी घेतो, मग काय घडलं ते सांगतो. मी आज दोन्ही टाचा टेकून चालतो ते त्या माणसामुळं. नात्यानं ते माझे मामा नव्हेत. माझं गाव परभणीकडं. सातवीतून शाळा सुटली, पुढं काही वर्षांनी एका ओळखीच्या माणसामागं मी कोल्हापूरच्या गूळबाजारात हमालीला आलो. तो माणूस दोन महिन्यांत परत गेला, मी राहिलो. इथं माझं म्हणावं असं कुणी नव्हतं आणि मला सारखी भीती वाटायची. कसली, ते नीट सांगता येत नाही. आजारी पडण्याची म्हणा.

मामांचं चपलांचं दुकान बाजाराच्या मागच्या बोळात होतं. पुढं दुकान, मागं घर. कुणीही पायरी चढलं की मामा मान वर न करता म्हणायचे, “पाठ करा, पावणं.”

माणूस गोंधळायचा. चप्पल घ्यायला आलेला माणूस पाठ कशाला करील? पण आवाजात असा हुकूम असायचा की तो वळायचाच. मग मामा हातातली चामडं कापायची रापी खाली ठेवायचे, गाल जमिनीला लागेल इतके वाकायचे आणि मोजायचे. “एक... दीड. बास. वळा आता. काय दावू?”

मोजायचे ती बोटं. माणूस सरळ उभा असताना मागून बघितलं तर टाचेच्या बाहेरच्या अंगाला करंगळी दिसते, फार तर तिच्या शेजारचं बोट. एका पायाची तीन-चार दिसायला लागली की मामांचा चेहरा पडायचा. “आतल्या घोट्याखालची दोरी सैल झालीया. पाय भाईर फाकतोय.” दोरी म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी शीर. मामांच्या लेखी माणूस म्हणजे हाडं आणि दोऱ्या, बाकी सगळं भरताड. “रगात काय, कुनाचं बी कुनाला चढतंय,” ते म्हणायचे. “दोरी ज्याची त्याचीच.”

चेहऱ्यांशी त्यांचा संबंध नव्हता. गल्लीतल्या शाळेचे मास्तर रोज त्यांना नमस्कार करायचे आणि मामा रोज परक्यासारखे बघायचे. एकदा मास्तर चिडले, “अहो, इतक्या वर्षांची ओळख!” म्हणून फणफणत निघाले. ते चार पावलं गेले आणि मामा मागून ओरडले, “अवो, उजव्या टाचंचं मास्तर! मग आधी सांगाय नगो व्हय, तुमी हाय म्हनून?”

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाची गोष्ट तर बोळात अजून सांगतात. मुलगी पोहे ठेवून बसणार, तेवढ्यात मामा म्हणाले, “बाळ, बसू नगंस. पाठ कर. आता एका पायावर हुबा ऱ्हा आन टाच उचल.” मुलीचा काका उठला. “पोरगी बघाय आलाय का म्हस?” पुतण्या खाली मान घालून पोहे चिवडत होता. पण मुलगी खमकी. तिनं पदर खोचला, भिंतीला एक बोट लावलं आणि डाव्या पायावर दहा वेळा, उजव्या पायावर दहा वेळा टाच उचलून दाखवली. मामा म्हणाले, “पास!” त्यावर ती म्हणाली, “आता नवरदेवाला सांगा की.” पुतण्या तिसऱ्या वेळेला कोलमडला आणि पोह्यांच्या ताटलीवर पडला. लग्न झालं. सून मामांना अजून मानते. नवऱ्याला किती मानते ते माहीत नाही.

हे सगळं मामा शिकले कुठं? चौकात एक हाडांचे डॉक्टर होते. पेशंटच्या चपलेला टाच उंच करून हवी असली, आतून उंचवटा हवा असला की ते चिठ्ठी देऊन मामांकडं पाठवायचे. मामा नुसती चप्पल करून गप्प बसणारे नव्हेत. आधी ह्या पेशंटला काय झालं, कुठली दोरी, तुम्ही ओळखलं कसं, असं दवाखान्यात जाऊन विचारायचे. डॉक्टरांनी वैतागून सांगितलं, मग सवयीनं सांगितलं. हळूहळू उलटं सुरू झालं. मामाच पेशंट पाठवायला लागले, चपलेच्या खोक्याचा तुकडा फाडून त्यावर निदान लिहून. ‘मुरगळा न्हाय. दोरी हाय. नीट बघने.’ त्यातलं ‘नीट बघने’ डॉक्टरांना फार लागायचं.

आता माझं सांगतो.

दिवाळी होऊन गेलेली, गुळाचा हंगाम भरात. शिरोळकडची एक ट्रॉली आली होती. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उतरवून झाले, मी वरून खाली उडी मारली. रोज मारायचो. पाय टेकला आणि मागून टाचेवर सणकून लाथ बसली. फाट्‌ असा आवाजही आला. मी गुडघ्यावर आलो. मागं वळून बघतो तर टोळीतला मारुती उभा. हा चंदगडचा, अंगानं आडवा, दिवसभर थट्टा करणारा. मी काही विचार केला नाही. उठलो आणि त्याच्या कानाखाली वाजवली.

“मला मारतोस व्हय?” मारुती गाल धरून म्हणाला. “मी काय केलं रं?”

“लाथ मारलीस!”

“मी? अरं, मी हितं, ट्रॉलीच्या ह्या टोकाला! माझा पाय काय रबराचा हाय व्हय?”

मी खोटं बोलत नव्हतो, तोही नव्हता. पण टोळीत दोन तट पडले. मारुतीनं मारलं म्हणणारे थोडे, परगावचा माणूस माजलाय म्हणणारे जास्त. मुकादमानं माझी टाच दाबली, बोटं हलवायला सांगितली. बोटं हलली. उभा राहिलो तर राहता आलं. “मुरगळलाय. चालतोय की,” तो म्हणाला. “वस्तादाकडं न्या, चोळून दील. परवा कामावर.”

मी खरंच चालत होतो. पाय आपटत, फरशीवर ओला टॉवेल पडावा तसा. दुखणंही पहिल्या मिनिटानंतर फारसं नव्हतं. पण चवड्यावर जोर द्यायला गेलं की पायात काही नसायचंच. जिन्याची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि तिथं पायरी नसावी, तसं. ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परवा माझ्या जागी दुसरा हमाल लागला असता. गावाकडं आई, तिला काय कळवणार? पाय म्हणजेच मी होतो, दुसरं माझ्याकडं विकण्यासारखं काही नव्हतं.

टाचेमागं गरम हळदीचा लेप थापलेला, त्यामुळं मला हातगाडीवर पालथं घातलं. पाय गाडीच्या मागं लोंबकळत. गाडी कोण ओढत होतं? मारुती. “मार बी मीच खाल्ला आन वढतोय बी मीच,” असं तो वाटभर म्हणत होता. वस्तादांची तालीम बोळाच्या पलीकडच्या टोकाला. म्हणजे गाडी मामांच्या दुकानावरून जाणार.

गेलीच नाही. मामा पायरीवरून उठून गाडीला आडवे झाले. माझा चेहरा त्यांनी बघितला नाही, बघायचं कारणही नव्हतं. माझे पाय त्यांच्याकडं होते.

“थांब. ह्यो उजवा बघ. बोटं मागं ताणल्यात, आंगात जीव हाय म्हनून. आन ह्यो डावा बघ. मेल्यासारका सरळ खाली लोंबतोय.”

“मुरगळलाय मामा. वस्तादाकडं निगालोय.”

“चोळू नगा!” मामा एवढ्यानं ओरडले की समोरच्या पिठाच्या गिरणीतला माणूस बाहेर आला.

त्यांनी माझी उजवी पोटरी मुठीत धरून दाबली. खाली पाऊल आपोआप हललं. “ह्यो नमस्कार करतोय.” मग डावी दाबली. पुन्हा दाबली. मला काही दिसत नव्हतं, पण मारुतीचं तोंड दिसत होतं. ते थट्टेचं तोंड हळूहळू उतरलं.

“ह्यो गप हाय,” मामा म्हणाले. “टाचंची दोरी तुटलीया. पुरी. हितं बोट घाल, खड्डा लागतोय.”

मागून मुकादम आला होता. त्याला पटेना. “काय बी सांगतोय मामा. पोटरी दाबल्यावर कुनाचा पाय हलतोय व्हय?” झालं. मामांनी मुकादमाला गाडीवर पालथं घातलं. पोटरी दाबली, मुकादमाच्या पायानं नमस्कार केला. मग मारुती. मग गिरणीवाला स्वतःहूनच आला. बोळात एका हातगाडीवर माणसं आळीपाळीनं पालथी पडताहेत, त्यांचे पाय माना हलवताहेत आणि मी पायरीवर बसून बघतोय. सगळ्या बाजारात एक माझाच पाय उत्तर देत नव्हता. तेव्हा मला रडू आलं.

“मामा, पाय जाईल का हो?”

“चोळला तर जाईल,” मामा म्हणाले. “न्हाय चोळला तर तुजाच हाय.”

तेवढ्यात मारुतीच्या डोक्यात उजेड पडला. “म्हंजे मामा, मी लाथ मारली न्हाय?”

“ही दोरी तुटली की समद्यांना असंच वाटतंय, मागनं कुनीतरी मारलं. मागं कुनी नसतंय.”

मारुतीनं माझ्याकडं बघितलं. मी हात जोडले. तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे. पाय बरा झाला की मी खरीच मारीन, मग फिटंल.”

वस्ताद तेलाची वाटी घेऊन तालमीच्या दारात वाट बघत होते. त्यांनी आजवर शेकडो पाय चोळून उभे केले होते, ते दुखावले. मामांनी त्यांना तेवढंच सांगितलं, “मुरगळा असला तर तुमीच बघायचा वस्ताद. तुटलेल्या दोरीची दोन टोकं चोळून लांब नगा करू.” आणि गाडी दवाखान्याकडं वळवली.

डॉक्टर आधी खेकसले. “केरबा, तू चपला शिव. पेशंट चालत आत आलाय, दिसत नाही?” मामांनी मला तपासायच्या टेबलावर पालथं घातलं, पाय कडेबाहेर काढले आणि बाजूला झाले. डॉक्टरांनी पोटरी दाबली. मग चष्मा लावून परत दाबली. शेवटी म्हणाले, “प्लास्टर घालू. बोटं खाली करून.” आणि दाराकडं बघत, “नीट बघितलं रे, केरबा.”

प्लास्टर गुडघ्यापर्यंत, पाय नाचणारणीसारखा चवड्यावर ताणलेला. टोळीची खोली माळ्यावर, शिडी चढायची. ती चढता येईना. मामांनी विचारलं नाही, मारुतीला सांगून माझी वळकटी दुकानात टाकली. दोन महिने मी चामड्याच्या वासात झोपलो आणि हौसामामींच्या हातचं खाल्लं.

हौसामामी म्हणजे मामांच्या बायको. अंगानं किरकोळ, तोंडानं तिखट. त्या घरात फिरायच्या तेव्हा एक पाऊल ऐकू यायचं आणि एक घासल्याचा आवाज. भिंतीला हात लावल्याशिवाय त्या दारातून स्वयंपाकघरात जात नसत. मी पडून असायचो, त्यामुळं लोकांचे पाय माझ्या डोळ्यासमोरच असायचे. एक दिवस त्या पाठमोऱ्या भाकरी थापत होत्या आणि मी मामांसारखं मोजलं. डाव्या पायाची चार बोटं.

दुकानात वर, खुंटीला, बायकी चपलांची माळ टांगलेली होती. सात चपला, सगळ्या डाव्या. गिऱ्हाईक विचारायचं, ह्या काय म्हणून. मामा म्हणायचे, “चामडं हलकं निघालं.” आणि विषय बदलायचे. मी मामींना विचारलं.

“माज्याच हायत त्या,” मामी म्हणाल्या. “दर सा म्हैन्याला डावी आतल्या अंगानं झिजायची. उजवी तशीच नवी. ह्यांनी तळ बदलला. पुन्यांदा झिजली. मग व्यापाऱ्याला शिव्या घातल्या, हलकं चामडं देतोस म्हनून. म्हशीचं आनलं, बैलाचं आनलं, दोन पदरी केला. पाय तेवढा बघितला न्हाय.”

“तुम्ही सांगितलं नाही?”

“काय सांगायचं? दुखत हुतं, सगळ्यांचंच दुखतंय. आन ह्यो मानूस येवढ्या हौसंनं चप्पल करून द्यायचा, दर सा म्हैन्याला. नवीन चप्पल कुनाला नगं वाटंल?” त्या हसल्या. “मग एक दिस डॉक्टरकडं गेलो ह्यांच्या कामाला. डॉक्टरांनी मला मागनं बघितलं आन म्हनले, हिला कधी आनायची हुतीस रं? आता पाय बसला, वर येनार न्हाय. त्या दिसापासनं ह्यो मानूस कुनाचं त्वांड बघत न्हाय. टाचाच बघतोय.”

मला वाटलं होतं मामा हे सगळं डॉक्टरांकडून हौसेनं शिकले.

दिवेलागणीला मामा दुकानाची फळी लावायचे आणि आत जायचे. मधला पडदा नीट लागत नसे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तोंड फिरवायला हवं होतं, फिरवलं नाही. मामींनी देवापुढं दिवा लावलेला. मामा त्यांच्यासमोर उभे राहिले, दोन्ही हात पुढं केले. मामींनी ते धरले. उजवा पाय उचलला, डाव्यावर उभ्या राहिल्या.

“उचल टाच.”

मामींनी डोळे मिटले, ओठ आवळले. मामांच्या हातावर त्यांची बोटं पांढरी पडली. टाच जमिनीला चिकटलेलीच.

“आज कालच्यापरीस बरं हाय,” मामा म्हणाले.

“व्हय,” मामी म्हणाल्या. “जरा हलल्यागत वाटलं.”

दोघांनाही माहीत होतं. पुतण्याची बायको एकदा सांगत होती, तिच्या लग्नाआधीपासून हे रोज चाललंय. मी दोन महिने रोज ऐकलं. बोळात एवढ्या मोठ्यानं ओरडणारा माणूस ते चार शब्द इतक्या हळू म्हणायचा.

प्लास्टर निघाल्यावर मामांनी मला चप्पल केली. डाव्या टाचेखाली चामड्याची सहा पानं, एकावर एक. दर पंधरवड्याला एक पान ते रापीनं काढायचे, आणि पाय एका पानानं जमिनीजवळ यायचा. शेवटचं पान काढलं तेव्हा म्हणाले, “पाठ कर. उचल टाच.” मी डाव्या पायावर उभा राहिलो. टाच उचलली. काड्यापेटी जाईल एवढीच, पण उचलली. आतून मामींनी टाळी वाजवली. मामा रापी पुसत राहिले, फार वेळ.

पुढं रवे उचलायचं काम मला झेपलं नसतं. मुकादमानं शब्द टाकला आणि मी एका गोदामात वजनकाट्यावर लागलो. उचगावात खोली घेतली, लग्न झालं, एक मुलगी झाली. मामा-मामींकडं सणासुदीला जायचो, मग कमी झालं. मारुतीनं कबूल केलेली लाथ अजून मारलेली नाही, भेटला की आठवण तेवढी करून देतो.

गेल्या पावसाळ्यात हौसामामी गेल्या. मला आठ दिवसांनी कळलं. गेलो तर मामा दुकानात बसलेले, हातात काम नाही. माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं नाहीच. मी वळलो आणि पाठ करून उभा राहिलो.

“अरं, परभणी!” मामा म्हणाले. “डाव्याचं एक, उजव्याचं एक. झकास हाय.” मग जरा वेळानं, “ती असती तर खूश झाली असती.”

खुंटीवर आता आठवी चप्पल होती, मामींची शेवटची.

“च्या सांगतो,” म्हणून ते उठले आणि बोळातून पुढं निघाले. मी मागून. इतक्या वर्षांत मामांच्या मागून चालायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. ते नेहमी आपल्या मागं असायचे, वाकून. माझी नजर खाली गेली आणि बोटं आपोआप मोजली गेली. उजव्या पायाची दीड. डाव्याची एक, दोन, तीन. चौथंही थोडं.

हॉटेलाच्या पायरीवर त्यांनी चपला काढल्या. डाव्या चपलेला आतल्या अंगानं नवा तळ लावलेला, त्याच्यावर आधीचाही तसाच, अर्धा झिजलेला. मी बघतोय हे त्यांनी बघितलं.

“चामडं हलकं निघालं,” मामा म्हणाले.

आणि मी काय म्हणालो? “व्हय मामा” म्हणालो. चहा पिऊन उचगावची बस धरली. मला वाटलं, शहाण्या माणसाला मी काय सांगणार, सातवी शिकलेला. पण खरं तेवढंच नव्हतं. संध्याकाळी फळी लावून ते आत जातात तेव्हा आता समोर कोण उभं असतं, हा विचार मला सहन होईना, म्हणून मी पळालो.

हे लिहून काढलं ते त्यासाठीच. मारुतीशी बोललो आहे, हातगाडी तो आणणार आहे. कोणता दिवस ते अजून ठरत नाही, माझ्या जिवाला धीर होत नाही, पण एक दिवस मी त्या पायरीवर जाईन, तोंड बघू देणार नाही आणि म्हणेन, “मामा, पाठ करा.” ते शिव्या देतील. दिल्या तर दिल्या. मग मारुती आणि मी त्यांना पालथं घालून बोळातून चौकापर्यंत नेऊ, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत. डॉक्टर आता थकलेत, पण बसतात. त्यांच्यासाठी चपलेच्या खोक्याचा एक तुकडा मी फाडून ठेवला आहे. त्यावर लिहिलं आहे, ‘चामडं न्हाय. दोरी हाय. नीट बघने.’

आणि संध्याकाळी मामांच्या समोर हात पुढं करून मीच उभा राहीन. टाच उचलो न उचलो.